परदेशातून सोन्याची नाणी आणताय? आधी हे वाचा

दुबई-मस्कतहून सुट्टीवर येणारा माणूस बॅग भरता भरता हमखास विचारतो, "बाईला ४० ग्रॅम, पुरुषाला २० ग्रॅम सोनं ड्युटी न भरता चालतं ना?" चालतं, पण दागिने. आणि तेसुद्धा वर्षभरापेक्षा जास्त काळ परदेशात राहून परतत असाल तर. नाणं म्हणजे दागिना नव्हे. पुतळीहार गळ्यात असेल तर तो दागिना. डबीतलं, सीलबंद नाणं मात्र कस्टमच्या लेखी निव्वळ सोनं. त्यामुळे ही सवलत त्याला लागू नाही. कपडे-परफ्यूमसाठी जी ड्युटी-फ्री मर्यादा मिळते, तिच्यातही ते बसत नाही. अगदी एक ग्रॅमचं नाणं असलं तरी रेड चॅनल, म्हणजे ड्युटी लागणारं सामान जाहीर करायची रांग.

नाणी आणता येतच नाहीत, असं मात्र नाही. 'पात्र प्रवासी' असाल तर कमी दराने ड्युटी भरून एक किलोपर्यंत सोनं आणता येतं. पात्रतेच्या अटी अशा: भारतीय पासपोर्ट किंवा मूळ भारतीय असणं, आणि किमान सहा महिने परदेशात राहून येणं. मधे गणपतीला १२ दिवस आणि दिवाळीला १० दिवस गावी येऊन गेला असाल तर घाबरू नका. अशा छोट्या फेऱ्यांचे एकूण दिवस ३० च्या आत असतील आणि त्या फेऱ्यांत ही सवलत घेतली नसेल, तर त्या सोडून दिल्या जातात. आठवड्याभराच्या सहलीला गेलेला माणूस मात्र या दरात बसत नाही. त्याला पडणारी ड्युटी इतकी जास्त असते की तिथे नाणं घेण्यात काही राम उरत नाही.

पात्र प्रवाशासाठीचा दर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात १५ वरून ६ टक्क्यांवर आला. दर बदलत राहतात, म्हणून निघण्याआधी केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. हिशोब करताना लोक एका ठिकाणी चुकतात: ड्युटी दुकानाच्या बिलावर लागत नाही. सरकार दर १० ग्रॅममागे डॉलरमध्ये टॅरिफ मूल्य जाहीर करतं, त्यावर लागते. समजा तुमच्या तीन नाण्यांचं मूल्य ३ लाख निघालं, तर ६ टक्क्यांनी १८,००० रुपये. ही रक्कम परकीय चलनात भरायची असते. त्यामुळे शेवटचे दिरहम विमानतळावरच्या दुकानात उडवू नका.

सोबत काय हवं? पासपोर्ट (शिक्के दिसतील असा), बोर्डिंग पास, तिथलं रहिवासी कार्ड, आणि खरेदीचं बिल. बिलावर वजन, शुद्धता आणि असल्यास अनुक्रमांक हवा, आणि ते तुमच्याच नावावर असावं. नाण्याचं मूळ पाकीट फोडू नका. शेजारच्या काकूंचं नाणं 'फक्त पोचवायला' म्हणून तर मुळीच घेऊ नका. काउंटरवर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात, काकूंना नाही.

जाहीरनामा उतरल्यावर फॉर्मवर भरता येतो किंवा 'अतिथी' ॲपवरून आधीच. कस्टम कायदा १९६२ च्या कलम ७७ नुसार सामानात काय आहे हे सांगण्याची जबाबदारी प्रवाशाची आहे. नाणं घेऊन ग्रीन चॅनलमध्ये पाऊल टाकलं, की 'माझ्याकडे ड्युटी लागणारं काही नाही' असं म्हटल्यासारखंच झालं. पुढे जप्ती, दंड आणि रक्कम मोठी असेल तर अटकही. मुंबईत उतरा नाहीतर गोव्यात मोपाला, नियम तोच.

ड्युटी भरायचीच नसेल तर कलम ८० खाली सोनं कस्टमकडे ठेवून परत जाताना नेता येतं. त्यासाठी ते आधी खरं जाहीर केलेलं असावं लागतं. पकडल्यावर मागायची ही सोय नव्हे.

निघतो त्या देशाचेही नियम असतात. अमिरातीत रोख आणि मौल्यवान धातू मिळून ६०,००० दिरहमच्या वर गेले तर तिथे सांगावं लागतं. युरोपीय संघात ३ जून २०२१ पासून ९० टक्के किंवा जास्त सोनं असलेली नाणी चक्क रोख रकमेत धरतात. १०,००० युरो झाले की जाहीरनामा.

ड्युटीची पावती नाण्यांसोबतच लॉकरमध्ये ठेवा. पुढे ही नाणी कुठून आली असं कोणी विचारलं, तर दाखवायला हाच कागद लागेल.