नाव खोडल्याने नोंद निनावी होते का?

‘रुग्णाच्या नोंदीतून नाव आणि मोबाइल क्रमांक काढला की ती निनावी होते, मग कोणालाही दिली तरी बिघडत नाही’, हा समज जुना आहे आणि वरवर पटणाराही आहे. मात्र संगणकातील नोंदीत जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड उरलेच, तर हिशेब बदलतो. ३६५ दिवस गुणिले ८० वर्षे म्हणजे २९,२०० जन्मतारखा. स्त्री-पुरुष धरून ५८,४०० कप्पे. एखाद्या पिनकोडात ३०,००० माणसे राहत असतील, तर अनेक कप्प्यांत एकेकच माणूस सापडतो, आणि पूर्ण जन्मतारीख ठाऊक असलेला शेजारी त्याचा आजार ओळखू शकतो. आपल्या वस्तीचा आकडा घालून हा गुणाकार कोणालाही पडताळता येईल. म्हणून सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेने या नोंदींना रद्दी समजू नये. मागणाऱ्याला जन्मतारखेऐवजी वयोगट आणि पिनकोडऐवजी जिल्हा द्यावा. पुष्कळशा संशोधनाचे तेवढ्यावर भागते.