मोती पाण्यातच जन्मतो, पण…

‘मोती पाण्यातलाच, त्याला पाण्याचं काय भय?’ असं म्हणत तन्मणी रात्रभर रिठ्याच्या पाण्यात बुडवणारे बरेच आहेत. बिघडतं ते मोत्याआधी दोऱ्याचं. रेशमी दोरा पाणी पितो, सैल पडतो, भोकाशी मळ धरतो. मग ऐन लग्नात सर तुटून मोती खुर्च्यांखाली घरंगळतात. टूथपेस्ट त्याहून वाईट. मोत्याचा कठीणपणा १ ते १० च्या मोहस मापावर जेमतेम २.५ ते ४.५, खरखरीत पेस्टने चकाकीच खरवडली जाते. लिंबू तर नकोच: मोती म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात विरघळणारं. घालून झाल्यावर घाम-अत्तर किंचित ओल्या मऊ सुती फडक्याने टिपा आणि सर आडवा पसरून वाळवा. टांगलात तर ओला दोरा ताणतो.