खालिद जमील: राष्ट्रीय प्रशिक्षकपदापर्यंतचा रस्ता

१ ऑगस्ट २०२५ रोजी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कार्यकारी समितीने भारतीय पुरुष संघाच्या मुख्य प्रशिक्षकपदी खालिद जमील यांची निवड केली. या पदासाठी जगभरातून दीडशेहून जास्त अर्ज आले होते. माजी खेळाडू आय. एम. विजयन यांच्या तांत्रिक समितीने त्यातून तीन नावं पुढे पाठवली. पहिलं नाव भारताचं प्रशिक्षकपद आधी दोनदा सांभाळलेले स्टीफन कॉन्स्टंटाइन यांचं, दुसरं स्लोव्हाकियाला युरो २०२० स्पर्धेत नेणारे श्टेफान तारकोविच यांचं आणि तिसरं जमील यांचं. सावियो मदेरा २०१२ मध्ये पायउतार झाल्यापासून एकाही भारतीयाला हे पद मिळालं नव्हतं.

तेरा वर्षांचा हा खंड आकस्मिक नव्हता. पी. के. बॅनर्जी, सय्यद नईमुद्दीन, सुखविंदर सिंग अशा माजी खेळाडूंनी एकेकाळी राष्ट्रीय संघ घडवला होता. पुढे मात्र परदेशी प्रशिक्षक आणायचा, हा जवळजवळ नियमच झाला. कॉन्स्टंटाइन, बॉब हॉटन, विम कुवरमान्स, पुन्हा कॉन्स्टंटाइन, इगोर स्टिमॅक आणि शेवटी मनोलो मार्केझ अशी ती रांग आहे. मधल्या काळात आर्मांदो कुलासो आणि मदेरा हे दोन गोवेकर येऊन गेले, पण त्यांना फार वेळ मिळाला नाही. इंडियन सुपर लीगमध्येही (आयएसएल) तीच रीत रुजली. मुख्य प्रशिक्षक स्पेनचा, पोर्तुगालचा किंवा इंग्लंडचा आणि त्याच्या शेजारी सहायक म्हणून एक भारतीय. देशातल्या प्रशिक्षकांनी अनुभव मिळवायचा कुठे, हा प्रश्न त्यामुळे वर्षानुवर्षं तसाच राहिला. जमील यांनी तो अनुभव कुठे मिळवला हे पाहिलं, की त्यांच्या संघांचा खेळ असा का असतो हेही कळतं.

त्यांचा जन्म १९७७ मध्ये कुवेतमध्ये, भारतीय कुटुंबात झाला. फुटबॉलची गोडीही तिथेच लागली. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केलं आणि तिथल्या हजारो भारतीय कुटुंबांसारखं जमील कुटुंबही मायदेशी परतलं. पुढची कारकीर्द घडली ती मुंबईत.

तेव्हाची मुंबई ही संस्थात्मक फुटबॉलची होती, आणि हे नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं कळणार नाही. टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, ओर्के मिल्स, आरसीएफ, महिंद्र, एअर इंडिया, बँका, रेल्वे, बेस्ट यांचे संघ हाच शहराच्या फुटबॉलचा कणा होता. खेळाडूला नोकरी मिळायची. सकाळी मैदान, मग हजेरीपटावर सही आणि संध्याकाळी कूपरेज मैदानावर सामना, असं आयुष्य असायचं. १८९१ मध्ये सुरू झालेला रोव्हर्स करंडक ही या सगळ्याची शान होती. कोलकाता-गोव्याचे बडे क्लब त्यासाठी मुंबईत उतरायचे आणि मुंबईची पोरं त्यांच्याशी भिडायची.

जमील मधल्या फळीत खेळायचे. आधी महिंद्र, मग एअर इंडिया, पुन्हा महिंद्र युनायटेड आणि शेवटी नव्याने निघालेला मुंबई एफसी, असा त्यांचा क्लब फुटबॉलमधला प्रवास झाला. १९९७ च्या सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धेच्या सुमारास ते भारतीय संघाच्या वर्तुळात आले आणि देशाकडून खेळले. पण दुखापतींनी पाठ सोडली नाही. महिंद्र युनायटेडने डेरिक परेरा यांच्या प्रशिक्षणाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. मुंबईच्या एखाद्या संघाने ही लीग जिंकण्याची ती एकमेव वेळ. जमील त्या काळात महिंद्रचेच होते, पण खेळाडू म्हणून त्यांचे भराचे दिवस तोवर सरत आले होते.

ते ज्या क्लबांकडून खेळले, त्यातला एकही आज त्या रूपात उरलेला नाही. महिंद्रने २०१० मध्ये संघ बंद केला. एअर इंडियाला क्लब परवान्याच्या अटी न पाळल्यामुळे २०१३ मध्ये आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च लीगमधून बाहेर काढलं गेलं. मुंबई एफसीने २०१७ मध्ये गाशा गुंडाळला. रोव्हर्स करंडक तर त्याआधीच थांबला होता. देशाला प्रशिक्षक देणारी ही सगळी व्यवस्था आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली आणि शहराने त्याची पुरेशी हळहळही केली नाही, असं मला वाटतं.

२००९ मध्ये जमील यांनी बूट बाजूला ठेवले आणि त्याच मुंबई एफसीची सूत्रं हाती घेतली. क्लब अवघ्या दोन वर्षांचा होता. पैसा बेताचा, नावाजलेले खेळाडू परवडणारे नाहीत. कूपरेजच्या दुरुस्तीच्या काळात तर घरचे सामनेही पुण्यात बालेवाडीला खेळावे लागत, म्हणजे ‘घरचं मैदान’ दीडशे किलोमीटर लांब. अशा संघाला देशाच्या सर्वोच्च विभागात टिकवून ठेवणं हे त्यांचं काम होतं आणि सात हंगाम त्यांनी ते केलं. मुंबई एफसी विजेतेपदाच्या शर्यतीत कधीच नव्हता, पण त्यांच्या हाताखाली खालच्या विभागातही कधी घसरला नाही.

जमील-पद्धत म्हणतात ती इथे घडली. बचाव फळी आणि मधली फळी एकमेकांना चिकटून उभी राहणार. चेंडू आपल्या पायात किती वेळ राहिला याची फारशी फिकीर नाही. प्रतिस्पर्ध्याला मैदानाच्या मधोमध खेळू द्यायचं, पण गोलसमोरच्या पेटीजवळ जागा द्यायची नाही. संधी शोधायची ती प्रतिहल्ल्यात, लांब थ्रोवर, कॉर्नरवर, फ्री किकवर. याला रटाळ फुटबॉल म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. मला तो आरोप अर्धवट वाटतो. ज्याच्या तिजोरीत पैसे नाहीत त्याला एक-एक गुण असाच वेचावा लागतो, आणि तो गुण कुठून मिळेल याचा जमील यांच्याइतका बारीक हिशेब करणारे प्रशिक्षक भारतात थोडेच होते.

२०१६ मध्ये मुंबई एफसीशी त्यांची फारकत झाली आणि ते मिझोरामला, आयझॉल एफसीकडे गेले. या क्लबचीही अवस्था बिकट होती. २०१५-१६ च्या हंगामात आयझॉलची सर्वोच्च विभागातून घसरण झाली होती. पण लीगच्या प्रस्तावित फेररचनेच्या निषेधार्थ गोव्याच्या क्लबांनी आय-लीग सोडली, जागा रिकाम्या झाल्या आणि आयझॉलला परत बोलावण्यात आलं. म्हणजे २०१६-१७ ची लीग आयझॉल खेळली, तीच मुळात दुसऱ्यांच्या माघारीमुळे.

जमील यांनी स्थानिक मिझो पोरांच्या जोडीला काही निवडक माणसं आणली. सीरियाचा महमूद अल आमना आणि लायबेरियाचा आल्फ्रेड जारयान मधल्या फळीत आले. मुंबईहून जयेश राणे आणि आशुतोष मेहता आले, दोघंही मुंबई एफसीकडे खेळलेले. मोठ्या क्लबांनी ज्यांच्याकडे पाहिलं नव्हतं अशांचा हा संघ. मुअलपुईच्या राजीव गांधी स्टेडियममध्ये, डोंगराच्या कुशीत, प्रेक्षकांच्या गजरात तो घरच्या मैदानावर फारसा कुणाला ऐकेनासा झाला.

२२ एप्रिल २०१७ ला मोहन बागान आयझॉलला आलं तेव्हा दोघांचेही ३३ गुण होते. सामना गोलशून्य बरोबरीकडे चालला होता. अखेरच्या टप्प्यात कॉर्नरवर बचावपटू झोमिंगलियाना राल्टे उंच उडाला आणि त्याने हेडरने चेंडू जाळ्यात धाडला. १-०. लीगचं भवितव्य फिरवणारा गोल सेट-पीसवर, म्हणजे थांबलेल्या चेंडूवरून, आणि तोही बचावपटूचा! जमील यांच्या फुटबॉलचं याहून नेमकं उदाहरण सापडणार नाही.

आठवड्याने, ३० एप्रिलला, शिलाँगमध्ये शेवटचा सामना झाला. प्रतिस्पर्धी शिलाँग लाजोंग, आणि आयझॉलला एक गुण पुरे होता. पण नवव्याच मिनिटाला दिपांडा डिकाने लाजोंगला आघाडी मिळवून दिली. तिकडे कोलकात्यात मोहन बागान चेन्नई सिटीशी खेळत होतं आणि मिझोरामहून डोंगररस्त्यांनी आलेले हजारो प्रेक्षक श्वास रोखून बसले होते. ६७ व्या मिनिटाला विल्यम लालनुनफेलाने बरोबरी साधली. उरलेली वीस-पंचवीस मिनिटं आयझॉलने तोच खेळ केला, जो जमील यांनी सात वर्षं मुंबईत शिकवला होता: फळ्या घट्ट, चेंडू लांब, घाई नाही. मोहन बागान २-१ असं जिंकलं, पण अंतिम तक्त्यात आयझॉल ३७ आणि बागान ३६. ईशान्य भारतातल्या क्लबने देशाची सर्वोच्च लीग पहिल्यांदाच जिंकली होती. त्याच तक्त्याच्या तळाशी होता मुंबई एफसी. जमील गेल्यानंतरच्या पहिल्याच हंगामात तो खाली घसरला आणि काही महिन्यांत बंद पडला.

विजेत्या आयझॉललाही याचं योग्य मोल मिळालं नाही. देशाच्या फुटबॉलचा केंद्रबिंदू इंडियन सुपर लीगकडे सरकत होता आणि तिथलं दार कामगिरीने उघडत नव्हतं, पैशाने उघडत होतं.

जमील यांना मात्र कोलकात्याचं बोलावणं आलं. २०१७-१८ मध्ये ते ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये मोहन बागानचे. दोन्ही ठिकाणी मुक्काम छोटा ठरला. ईस्ट बंगाल शेवटच्या दिवसापर्यंत शर्यतीत राहून चौथ्या स्थानावर गेलं. कोलकात्यात मापदंडच वेगळे आहेत. तिथे दर सामन्याला आपल्याच संघाने चढाई करावी, अशी हजारोंची मागणी असते. समोरचा संघ आपल्या अर्ध्यात ठाण मांडून बसतो आणि त्याला फोडायचं कसं हा सवाल असतो. मुंबई आणि आयझॉलच्या जमील यांना हा सवाल फारसा पडलाच नव्हता, कारण ठाण मांडून बसणारा संघ बहुतेक वेळा त्यांचाच असायचा. कोलकात्यातलं हे अपयश त्यांच्या चरित्रात सहसा दोन ओळींत उरकलं जातं. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टींसाठी ते आयझॉलइतकंच महत्त्वाचं आहे.

पुढे ते नॉर्थईस्ट युनायटेडमध्ये सहायक म्हणून गेले. जानेवारी २०२१ मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक जेरार्ड नुस यांना हटवून संघ हंगामी स्वरूपात जमील यांच्याकडे सोपवण्यात आला. करोनामुळे सगळे सामने गोव्यात, रिकाम्या मैदानांवर चालले होते. साखळी संपेपर्यंत नॉर्थईस्ट त्यांच्या हाताखाली एकही सामना हरला नाही आणि थेट बाद फेरीत पोहोचला. आयएसएलमध्ये हे साधणारे ते पहिले भारतीय प्रशिक्षक. त्यानंतर क्लबने त्यांना पूर्णवेळ नेमलं आणि तेही भारतीयासाठी पहिल्यांदाच घडलं. पुढचा हंगाम वाईट गेला, नॉर्थईस्ट दहाव्या स्थानावर राहिला.

२०२३ च्या अखेरीस तळाकडे घसरत चाललेल्या जमशेदपूरने त्यांना बोलावलं. २०२४-२५ मध्ये हा संघ आयएसएलच्या उपांत्य फेरीत पोहोचला. पहिला सामना २-१ असा जिंकूनही मोहन बागानविरुद्ध दोन सामन्यांच्या गोलबेरजेत तो ३-२ असा हरला. मग सुपर कपची अंतिम फेरी गाठली आणि तिथे एफसी गोवाने ३-० ने नमवलं. गोव्याचे प्रशिक्षक होते मनोलो मार्केझ, म्हणजे तेव्हाचे भारताचेही प्रशिक्षक. जूनमध्ये हाँगकाँगकडून भारत १-० ने हरला, मार्केझ बाजूला झाले आणि त्यांच्या खुर्चीवर जमील आले. महासंघाचा सर्वोत्तम प्रशिक्षकाचा पुरस्कार त्यांना लागोपाठ दोन वर्षं मिळाला होता.

पद मिळालं ते अगदी अवघड वेळी. व्यावसायिक करारांच्या वादात आयएसएलचा नवा हंगाम लटकला होता, खेळाडूंना सामन्यांचा सराव नव्हता आणि मोहन बागानने आपले खेळाडू शिबिराला सोडले नाहीत. दोनेक आठवड्यांच्या तयारीवर संघ काफा नेशन्स कप या मध्य आशियाई स्पर्धेसाठी ताजिकिस्तानला गेला. २९ ऑगस्टला हिसोरमध्ये यजमानांविरुद्ध अन्वर अली आणि संदेश झिंगन या दोन बचावपटूंनी पहिल्या पंधरा मिनिटांतच गोल केले. ताजिकिस्तानने एक परत केला, गुरप्रीत सिंग संधूने पेनल्टी अडवली आणि भारत २-१ ने जिंकला. इराणकडून ३-० अशी हार, अफगाणिस्तानशी गोलशून्य बरोबरी आणि मग तिसऱ्या स्थानासाठी ओमान. पिछाडीवर पडल्यावर उदांता सिंगने १-१ केलं, पेनल्टी शूटआऊट ३-२ असं भारताकडे आलं. क्रमवारीत कितीतरी वरच्या ओमानला भारताने याआधी कधीच नमवलं नव्हतं.

ही स्पर्धा म्हणजे मुंबई एफसीचाच मोठा अवतार होता: तयारीला वेळ नाही, खेळाडू तुटपुंजे, समोरचा वरचढ. असं काही समोर आलं की जमील यांना काय करायचं ते ठाऊक असतं.

ऑक्टोबरमध्ये परिस्थिती उलटली. आशियाई करंडक २०२७ च्या पात्रतेसाठी सिंगापूरला हरवणं भाग होतं. तिथे दहा खेळाडूंनिशी लढून रहीम अलीने ९० व्या मिनिटाला बरोबरी मिळवून दिली, आणि पुन्हा एकदा चिवटपणाचं कौतुक झालं. पण १४ ऑक्टोबरला मडगावच्या फातोर्डा मैदानावर लालियानझुआला छांगतेच्या गोलने आघाडी मिळूनही भारत १-२ हरला आणि पात्रतेचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशकडून १-० अशी हार झाली. बांगलादेशने भारताला त्याआधी हरवलं होतं ते २००३ मध्ये.

जे संघ वरचढ होते त्यांच्यापुढे भारत उभा राहिला आणि ज्यांना हरवायचं होतं त्यांच्यापुढे गोल आटले. कोलकात्यात हेच झालं होतं. बसलेला बचाव फोडायला मधल्या फळीत चेंडू ठेवणारे आणि पेटीत नेम साधणारे खेळाडू लागतात. आयएसएलच्या बहुतेक क्लबांनी त्या जागांवर वर्षानुवर्षं परदेशी खेळाडू खेळवले आहेत, आणि सुनील छेत्री चाळिशी ओलांडूनही पात्रतेसाठी परत बोलवावा लागला त्याचं कारणही तेच आहे. राष्ट्रीय प्रशिक्षक वर्षातून मोजके दिवस खेळाडूंना भेटतो, तेवढ्यात तो बचाव उभा करू शकतो. स्ट्रायकर घडवायचं काम क्लबांनी आणि युवा लीगनी करायचं असतं, आणि तिथे अजून हात घातलेला नाही.