रेल्वे वसाहत

रेल्वे वसाहत : रेल्वेने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी स्वतः बांधलेल्या घरांची वस्ती. बोलण्यात ‘रेल्वे कॉलनी’, आणि त्यातले घर म्हणजे ‘क्वार्टर’.

ब्रिटनमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८४० च्या दशकात स्विंडन येथे कारखान्यालगत कामगारांचे गाव वसवले. भारतात अशा वस्तीची निकड अधिक होती, कारण लोहमार्ग बरेचदा ओसाड माळावरून किंवा डोंगरातून गेले. भोर घाट १८६३ मध्ये आणि थळ घाट १८६५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. घाट चढताना गाडीला जादा इंजिन जोडावे लागे. ते चालवणारे आणि दुरुस्त करणारे लोक जवळच हवेत. थळ घाटाच्या माथ्यावरची इगतपुरीची वसाहत अशी वाढली. भुसावळला जंक्शन आणि लोको शेडमुळे (इंजिने ठेवण्या-दुरुस्त करण्याची जागा) गावाच्या बरोबरीचे रेल्वेगाव उभे राहिले, तर बिहारमध्ये जमालपूरला १८६२ च्या कारखान्याभोवती.

गाड्यांना रात्र-दिवस नसतो. ड्यूटी निघाली की ‘कॉलबॉय’ रजिस्टर घेऊन रात्री-अपरात्री ड्रायव्हरचे दार ठोठावी आणि सही घेऊनच परते. त्यामुळे माणूस हाकेच्या अंतरावर ठेवणे हा वसाहतीमागचा मूळ हेतू. त्याची सोय ओघाने झाली.

ब्रिटिश काळात वसाहतीची आखणी हुद्द्याबरोबर वर्णानेही ठरे. युरोपीय अधिकाऱ्यांना आवारासह बंगले, अँग्लो-इंडियन ड्रायव्हर-गार्डांना वेगळ्या रांगा, खलाशी (कारखान्यातले मदतनीस) आणि गँगमन (रुळांची देखभाल करणारे) यांना एका खोलीच्या चाळी. करमणुकीच्या इन्स्टिट्यूटही युरोपीयांच्या वेगळ्या, भारतीयांच्या वेगळ्या. स्वातंत्र्यानंतर वर्ण गेला, पण श्रेणी राहिली : टाइप एक, टाइप दोन अशी चढती घरे. कॉलनीत कोणाचा पगार विचारावा लागत नाही, क्वार्टर कुठला एवढे कळले तरी पुरते.

घर आणि नोकरी एकाच हातात असल्याचा अर्थ मे १९७४ च्या देशव्यापी रेल्वे संपात उघड झाला. अटकसत्राबरोबरच अनेक ठिकाणी संपकऱ्यांच्या कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढण्यात आले. एरवी हाच धाक सौम्य रूपात असतो. निवृत्तीनंतर ठराविक मुदतीत क्वार्टर सोडावा लागतो आणि तो रिकामा करून दिल्याशिवाय ग्रॅच्युइटीची रक्कम पूर्ण हाती पडत नाही. त्यामुळे जाणते लोक नोकरीत असतानाच कॉलनीबाहेर, बहुधा त्याच गावात, प्लॉट घेऊन ठेवतात.