ख्रिस्ती महिला नेतृत्व (खानदेश)

जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत (चर्चमध्ये) घरसंसार आणि शेतमजुरी सांभाळून प्रार्थना, शिकवण व आजाऱ्यांची विचारपूस यांची जबाबदारी घेणाऱ्या स्त्रियांना घडवण्याची, सांभाळून घेण्याची रीत. तिचे रोजचे रूप म्हणजे महिला मंडळ.

मिशनच्या काळात ‘बायबल वुमन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या स्त्रिया घरोघरी जाऊन बायबलचे वचन सांगत. परक्या पुरुषाला जिथे उंबऱ्यापाशी थांबावे लागे, तिथे त्या चुलीपर्यंत पोहोचत. सामान्य बायकांना कळावे म्हणून पंडिता रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले बायबलचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. भाषेचा हा प्रश्न नवापूर, अक्कलकुवा भागांत आजही जिवंत आहे. शास्त्रपाठ मराठीत वाचला जातो, मग एखादी बाई तोच मावचीत किंवा भिलीत समजावून सांगते. तिला कोणी पुढारी म्हणत नाही. खरे तर ती पुढारीच असते.

या स्त्रियांवरचा ताण अगदी साधा असतो आणि म्हणूनच दिसत नाही. पहाटे पाणी, दिवसभर कापूसवेचणी किंवा निंदणी, संध्याकाळी भाकरी, नवऱ्याचे व्यसन असेल तर रात्रही. दिवाळीनंतर नंदुरबारकडची अनेक कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि मंडळाची घडी विस्कटते. पाळकाच्या (मंडळीच्या धर्मगुरूच्या) पत्नीवर, म्हणजे पाळकीणबाईंवर, तर बिनपगारी सगळेच येऊन पडते. त्यांनी आपले दुःख कुणाकडे बोलावे, याचा विचार फार थोड्या मंडळ्या करतात. तो व्हायलाच हवा.

अशा बाईला निव्वळ शिबिराला बोलावून भागत नाही, आधी तिच्या डोक्यावरचे ओझे उतरावे लागते. बायबलमधील निर्गम या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करणाऱ्या मोशेला त्याचा सासरा इथ्रो हेच बजावतो: तू थकून जाशील, काम वाटून दे. सभेची तयारी दोघींनी मिळून करणे, वेळ शेतातून परतल्यावरची ठेवणे, बोलणारीचे मूल दुसरीने मांडीवर घेणे, इतक्या साध्या गोष्टींनी बाई टिकते. बायबलमधल्याच रोमकरांस पत्रात प्रेषित पौल किंख्रिया गावच्या मंडळीतल्या फिबीविषयी लिहितो, तिला जे लागेल त्यात साहाय्य करा. तिने पुष्कळांना आधार दिला होता.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जागतिक प्रार्थना दिन असतो. त्याची उपासना दरवर्षी वेगळ्या देशातील स्त्रिया लिहितात. मंडळीसमोर उभे राहून बोलण्याची पहिली वेळ कित्येकींवर याच दिवशी येते. हातातला कागद थरथरतो, पहिली ओळ पुटपुटल्यासारखी जाते. पुढच्या बाकावरची सासू मान हलवते आणि दुसरी ओळ मागच्या भिंतीपर्यंत ऐकू येते.