शॉक ऑइल आणि डिफ ऑइल: दोन्ही सिलिकॉनचीच, पण कामं वेगळी

आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारा, खेळातला ट्रक घेतला की आज ना उद्या दोन छोट्या बाटल्या घरात येतात. दोन्हींत पाण्यासारखं स्वच्छ सिलिकॉन तेल. एकीवर 30 लिहिलेलं, दुसरीवर 30,000. नवखा माणूस इथेच गोंधळतो, आणि चुकीचं तेल आत गेलं की सगळं परत खोलून धुवावं लागतं.

शॉकमध्ये, म्हणजे चाकाजवळच्या धक्के शोषणाऱ्या नळीत, तेल वाहतं. पिस्टनला बारीक भोकं असतात. ट्रक उडी मारून जमिनीवर आदळला की तेल त्या भोकांतून दाबाने पलीकडे जातं आणि स्प्रिंगची उसळी आवरते. ट्रकचं वजन मात्र स्प्रिंग पेलते, तेल नव्हे. त्यामुळे ट्रक खाली बसलेला दिसत असेल, तर तेल दाट करून काही होत नाही. स्प्रिंगचा ताण वाढवावा.

डिफमध्ये, म्हणजे डिफरन्शियल या गिअरच्या डबीत, तेल अडवायचं काम करतं. वळणावर आतलं आणि बाहेरचं चाक वेगवेगळ्या गतीने फिरतं, आणि गिअरभोवतीचं दाट तेल या फरकाला विरोध करतं. ते फार पातळ असेल तर हवेत उचललेलं चाक नुसतंच गरगरतं आणि जमिनीवरच्या चाकाला जोर मिळत नाही. फार दाट असेल तर दोन्ही चाकं जवळजवळ बांधल्यासारखी होतात. 10,000 चं तेल साधारण मधाइतकं दाट. लाखाचं बाटलीतून हलायलाही वेळ घेतं.

आकड्यांचा घोळ वेगळाच. शॉक ऑइलवर बहुधा ‘डब्ल्यूटी’ (वेट) असतं, डिफ ऑइलवर सीएसटी, म्हणजे सेंटीस्टोक; दोन्ही दाटपणाचीच मापं. टीम असोसिएटेड या आरसी कंपनीचं 30 डब्ल्यूटी म्हणजे 350 सीएसटी, पण दुसऱ्या कंपनीचं 30 तेवढंच निघेल याची खात्री नाही. म्हणून माझं ठाम मत: डब्ल्यूटीकडे बघूच नका, सीएसटी वाचा. शॉकसाठी साधारण 200 ते 800. डिफसाठी हजारांच्या घरात. मोठ्या 1/8 बगीवाल्यांच्या (खऱ्या गाडीच्या एक अष्टमांश आकाराच्या आरसी बगी) बोलण्यात ‘5-7-3’ येतं ते हेच: पुढच्या डिफमध्ये 5,000, मधल्यात 7,000, मागच्यात 3,000.

भरायची पद्धतही उलटी. शॉक काठोकाठ भरायचा. पिस्टन सावकाश वरखाली करत राहायचं, बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत थांबायचं, मग झाकण लावायचं. घाई केली तर आत हवा राहते आणि शॉक दाबला की पचपच आवाज येतो. डिफ मात्र गच्च भरायचा नाही. गिअर जेमतेम बुडतील एवढंच तेल घालून वर थोडी जागा सोडायची, कारण पळताना तेल तापून फुगतं आणि जागा नसेल तर सीलमधून बाहेर येतं. दाट तेल गिअरच्या फटींत मुरायला वेळ लागतो, म्हणून रात्रभर ठेवून सकाळी पातळी पुन्हा बघावी.

आणि गाडीच्या इंजिनचं ऑइल दोन्हींपैकी कशातच नको. त्याने सिलिकॉनच्या ओ-रिंग (तेल अडवणाऱ्या गोल रबरी कड्या) फुगतात आणि गळती सुरू होते.