वैद्यकातलं की वैद्यकाचं? एका प्रत्ययाचा घोळ

परवा मावशीचा फोन आला. शेजारच्या काकांना अँजिओप्लास्टी सांगितली होती. "अगं, तू ते हॉस्पिटलचंच शिकलीस ना? मग धर्मादायची खाट बघ की जरा." मी शिकले ते समाजशास्त्र, आणि पीएचडी केली ती वैद्यक आणि ओळख (आयडेंटिटी) या विषयावर. माझ्या शब्दावर कुठल्याही रुग्णालयात साधं स्टूलसुद्धा मिळत नाही.

मावशीला हवी होती ती व्यक्ती म्हणजे समाजसेवा अधीक्षक. सरकारी रुग्णालयात रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, जनआरोग्य योजनेचे कागद घेऊन आपण ज्यांच्या टेबलापुढे उभे राहतो, त्या. धर्मादाय रुग्णालयात १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात, त्याचा पाठपुरावा करतात त्या. त्यांची पदवी एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्य. माझी एमए, म्हणजे समाजशास्त्र. त्यांचं काम माझ्यापेक्षा दसपट उपयोगी आहे, हे मी मावशीलाही सांगितलं. या घोळाला याहून जास्त जागा देत नाही.

मला वैताग येतो तो दुसऱ्या घोळाचा, आणि तो घालतात शिकलेली माणसं. संपादक, कुलगुरू, डॉक्टर, आणि आमचेच विद्यार्थी. 'वैद्यकीय समाजशास्त्रज्ञ' या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळी माणसं बसलेली असतात, हे त्यांच्या गावीच नसतं. दोष थोडा भाषेचाही आहे. 'वैद्यकीय' हे विशेषण फार सोयीचं आणि म्हणूनच फार लबाड. त्याच्या पोटात दोन प्रत्यय लपतात: वैद्यका'तलं' समाजशास्त्र आणि वैद्यका'चं' समाजशास्त्र. रॉबर्ट स्ट्रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९५७ साली हा फरक इंग्रजीत 'इन' आणि 'ऑफ' या दोन शब्दयोगी अव्ययांवर उभा केला. आपल्याकडे तर तो नुसत्या प्रत्ययावर सांगता येतो, तरी आपण तो गिळून 'वैद्यकीय' म्हणतो.

'तलं' तुम्हाला माहीत आहे. पीएसएमचे, म्हणजे मेडिकल कॉलेजातल्या रोगप्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक विभागाचे, विद्यार्थी वस्तीत जाऊन कुटुंबं दत्तक घेतात, कुटुंबाचा सामाजिक-आर्थिक स्तर मोजणारी कुप्पुस्वामी स्केल भरतात: कुटुंबप्रमुखाचं शिक्षण, व्यवसाय, घराचं उत्पन्न, एकूण २९ पैकी गुण. मग लस का चुकली, बाळंतपण घरीच का झालं, गोळ्या का बंद केल्या याची सामाजिक कारणं शोधतात. प्रश्न वैद्यकाचा, हत्यार समाजशास्त्राचं. उत्तम काम आहे, त्याने जीव वाचतात. पुढे जाऊ.

'चं'पाशीच लोक घसरतात. त्यांना वाटतं फरक विषयाचा आहे: एक जण क्षयरोगाचा अभ्यास करतो, दुसरा डॉक्टरांचा. किंवा बसण्याच्या जागेचा: एक मेडिकल कॉलेजात, दुसरा विद्यापीठात. दोन्ही चूक. विषय तोच असू शकतो, वॉर्डही तोच. फरक एवढाच की वाक्यातल्या कुठल्या शब्दावर प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि कुठला शब्द गृहीत धरायचा.

क्षयरोगाचंच घेऊ. "डिफॉल्टर रुग्ण औषध अर्धवट का सोडतात?" हा 'तल्या'चा प्रश्न. यात 'का'वर प्रश्नचिन्ह आहे. त्याची उत्तरं मिळतात: मजुरी बुडते, गोळ्यांनी मळमळतं, सासरी कळू द्यायचं नसतं. 'चं'वाली बाई त्याच रजिस्टरपुढे बसते आणि 'डिफॉल्टर' या शब्दावर बोट ठेवते. हा शब्द तर बँकेचा. थकबाकीदार. रुग्णाने कुणाचं काय थकवलं? दवाखाना दहाला उघडून एकला बंद होत असेल तर थकबाकी नेमकी कुणाच्या नावावर? जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली व्याख्या बदलल्या तेव्हा तो शब्द काढला आणि 'पाठपुराव्यातून सुटलेले' अशा अर्थाचा शब्द आणला. रुग्ण तेच राहिले, गोळ्या त्याच राहिल्या, रजिस्टरमधला गुन्हा तेवढा गेला. ही 'चं'ची गोष्ट. कुप्पुस्वामी स्केलवरही ती हेच करते: गुण किती पडले हे नंतर, आधी मला सांगा, 'कुटुंबप्रमुख' कुणाला धरलंत? शिलाई करून घर चालवणारीला की खाटेवर पडून असणाऱ्या तिच्या नवऱ्याला?

आता ओळखीकडे येते, कारण तिथे हा फरक सगळ्यात लख्ख दिसतो. (आणि कृपा करून 'अस्मिता' म्हणू नका. अस्मिता मोर्चात असते. केसपेपरवर असते ती ओळख.)

बायडिल नावाची एक गोळी आहे. हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांसाठी. आत दोन जुनीच औषधं, हायड्रालाझिन आणि आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट, दोन्ही सुटी जेनेरिक मिळणारी. १९९७ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, तिला मान्यता नाकारली. मग जुन्या चाचण्यांचे आकडे पुन्हा चाळले गेले, कृष्णवर्णीय रुग्णांत फायदा जास्त दिसला, आणि नवी चाचणी घेतली ती फक्त स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या १,०५० रुग्णांवर. खोट्या गोळीच्या गटात १०.२ टक्के मृत्यू, बायडिलच्या गटात ६.२. फरक इतका की २००४ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली. जून २००५ मध्ये मान्यता मिळाली, आणि लेबलवर लिहिलं गेलं की हे औषध स्वतःला कृष्णवर्णीय म्हणवणाऱ्या रुग्णांसाठी.

'तलं'वाला इथे काय विचारेल? कृष्णवर्णीय अमेरिकनांना हा आजार लवकर का गाठतो, गोळी त्यांच्यापर्यंत पोचते का, परवडते का, डॉक्टरवर भरवसा आहे का. अमेरिकेतल्या टस्कगीमध्ये १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून निरीक्षण केलं गेलं, त्यामुळे भरवशाचा प्रश्न काही पोकळ नाही. सगळे प्रश्न रास्त. फक्त 'कृष्णवर्णीय' हा शब्द त्यात दगडासारखा घट्ट आहे.

'चं'वाली तोच दगड उचलून खाली काय आहे ते पाहते. चाचणीत गोरे रुग्ण नव्हतेच, मग औषध 'कृष्णवर्णीयांचं' कशावरून ठरलं? कुणाचं कुठलं जनुक तपासून त्यांना घेतलं होतं का? नाही, फॉर्मवरच्या चौकटीत रुग्णाने खूण केली होती. मूळ पेटंट २००७ पर्यंत होतं आणि वंशाचा उल्लेख असलेलं दुसरं २०२० पर्यंत, हे योगायोगाचं की सोयीचं? इथवर येऊन पुष्कळ जण थांबतात आणि "बघा, कंपनीचा डाव" म्हणून टाळ्या घेतात. चांगली अभ्यासक इथे थांबत नाही. कारण त्या चाचणीच्या पाठीशी कृष्णवर्णीय हृदयरोगतज्ज्ञांची संघटनाही उभी होती. दशकानुदशकं चाचण्यांत आपली माणसंच नव्हती, आता कुणीतरी घेतंय, अशी त्यामागची भावना. १९९३ सालच्या कायद्याने सरकारी पैशावरच्या चाचण्यांत स्त्रिया आणि अल्पसंख्याक असलेच पाहिजेत असा नियम झाला होता. म्हणजे ज्या चळवळीने "आम्हाला मोजा" म्हटलं, तिच्याच मागणीतून "तुम्ही जात्याच वेगळे" असं म्हणणारं लेबल निघण्याची वाट तयार झाली. बाजारात मात्र गोळी पडली. २००८ मध्ये कंपनीने तिचा प्रचारच थांबवला.

त्या कायद्याची गोष्ट अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्टीव्हन एपस्टीन यांनी २००७ साली पुस्तकभर सांगितली. जनगणनेचा रकाना, चळवळीची ओळख आणि जीवशास्त्राचा गट या तीन वेगळ्या गोष्टी एकावर एक बसवून एकच असल्यासारख्या कशा वापरल्या गेल्या, हे त्यांनी कागदोपत्री दाखवलं. वैद्यक आणि ओळख यांचा अभ्यास करणाऱ्याची कारकीर्द कशी दिसते, हे पाहायला त्यांचंच उदाहरण बरं. बर्कलीत पीएचडी, १९९६ मध्ये एड्स चळवळीवरचं पहिलं पुस्तक, सॅन डिएगोत अध्यापन, मग नॉर्थवेस्टर्न, २०२२ मध्ये 'लैंगिक आरोग्य' या शब्दावरच एक पुस्तक. पाव शतकात ही तीन मोठी पुस्तकं. एवढ्या काळात 'तल्या'चा माणूस आठ-आठ सहलेखकांसोबत डझनावारी शोधनिबंध काढतो. आमच्याकडच्या गुणांकन पद्धतीत 'चं'वाला आळशी ठरतो. ती पद्धत कुणी बनवली हे मला माहीत आहे, पण राहू दे.

दुसरं नाव समाजशास्त्रज्ञ अलोंड्रा नेल्सन. ब्लॅक पँथर, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची लढाऊ संघटना, म्हटलं की लोकांना बंदुका आठवतात. नेल्सन यांनी २०११ मध्ये या संघटनेचे मोफत दवाखाने आणि सिकलसेलच्या तपासण्या समोर आणल्या, आणि २०१६ मध्ये डीएनए चाचणीतून आफ्रिकेतली मुळं शोधणाऱ्या कृष्णवर्णीय अमेरिकनांवर लिहिलं. येल, कोलंबिया, प्रिन्स्टनची संशोधन संस्था, आणि २०२१ ते २०२३ व्हाइट हाउसचं विज्ञान कार्यालय. 'चं'ची माणसं नुसती बाहेर बसून टीका करतात म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

कारण डॉक्टरविरोध म्हणजेच 'चं' हा गैरसमज मला सगळ्यात जास्त टोचतो. एपस्टीन यांच्या पहिल्या पुस्तकातले एड्स कार्यकर्ते विज्ञान खोटं आहे म्हणत नव्हते. ते विषाणुशास्त्र शिकले, चाचण्यांच्या आराखड्यावर वाद घातले, शेवटी समित्यांवर जाऊन बसले. मरणाऱ्या माणसाला खोटी गोळी किती दिवस द्यायची, हा संख्याशास्त्राचा आणि नीतीचा प्रश्न एकाच वेळी आहे, हे त्यांनी शास्त्रज्ञांना ऐकायला लावलं.

घरचं उदाहरणही देते. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लिश सहकारी युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या अंगात चरबी जास्त, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी दाखवलं असेल. त्या आकड्यावर माझी काही शंका नाही. माझा प्रश्न त्यापुढचा: 'भारतीय शरीर' हा शब्द तिथून निघून आहारतज्ज्ञांच्या तक्त्यांपर्यंत पोचताना त्यात कोण कोण एकत्र कोंबलं गेलं? मेळघाटातली मजूर आणि कोथरूडचा आयटीवाला एकाच रेषेवर मोजताना आपण काय धरून चालतो?

दोन्ही एकाच माणसाने करावं का? स्ट्रॉस यांनी १९५७ मध्येच सावध केलं होतं. 'तलं' करणारा आपल्याच डॉक्टर सहकाऱ्यांचा अभ्यास करू लागला तर संबंध बिघडतात. 'चं' करणारा डॉक्टरांना शिकवण्यात फार गुंतला तर तटस्थपणा जातो. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी यातून मजेशीर वाट काढली: पन्नाशीच्या दशकात वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स मनोरुग्णालयात ते वर्षभर वावरले, ते खेळ-व्यायाम बघणाऱ्याचे मदतनीस म्हणून. मला विचाराल तर विद्यार्थ्याने आधी 'तलं' दोन वर्षं तरी करावं. वस्तीतली धूळ न खाता थेट 'चं'वर उडी मारणाऱ्यांचे प्रबंध मी तपासले आहेत. त्यात फ्रेंच विचारवंत फुको सगळीकडे असतात आणि रुग्ण कुठेच नसतो.

माझी स्वतःची गत सांगते. एका मोठ्या रुग्णालयात मला राउंडच्या वेळी डॉक्टर रुग्णाची जात, धर्म, गाव केसपेपरवर कसं आणि का लिहितात ते पाहायचं होतं. नीतिसमितीचा फॉर्म आला. पहिला रकाना: आजाराचं नाव. दुसरा: रुग्णाला होणारा फायदा. तिसरा: औषधाची मात्रा. मी समितीला समजावलं की माझे 'रुग्ण' म्हणजे तुमचे डॉक्टर. सदस्य सचिव म्हणाले, "मॅडम, तुम्ही सर्व्हे करा ना, किती टक्के रुग्ण समाधानी आहेत त्याचा. तो लगेच पास होईल." सात महिन्यांनी परवानगी मिळाली, संमतिपत्र मात्र त्यांच्याच छापील नमुन्यात घ्यायचं या अटीवर. त्यामुळे माझ्या कपाटात आज अकरा संमतिपत्रं आहेत, आणि प्रत्येकावर 'रुग्णाची सही' या शब्दांखाली एकेका वरिष्ठ डॉक्टरांची सही आहे. युनिटप्रमुखांनी तर सवयीने शेजारी शिक्काही मारला.